घाटाआधीचा नारळ

पंचवटीतल्या ज्या घरात वेणीमाधव जन्मले, त्या घरातले पुरुष पिढ्यानपिढ्या रामकुंडावर बसत आलेले. यात्रेकरू आला की गाव आणि आडनाव विचारायचं, कापडात बांधलेली जुनी वही सोडायची आणि त्याच्या खापरपणजोबांचं नाव त्याला वाचून दाखवायचं. माणूस गहिवरतो, डोळे पुसतो, मग आपण दक्षिणेचा विषय काढायचा. वेणीमाधवांनी मात्र कॉलेज संपताच घरात जाहीर केलं की लोकांच्या दुःखावर मी पोट भरणार नाही. वडील दोन दिवस जेवले नाहीत. वेणीमाधव आडगाव नाक्याकडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून म्हणून चिकटले आणि पाच-सहा वर्षांत जखमी ड्रायव्हरांचे क्लेम सांभाळू लागले. दुःखावर पोट न भरण्याचा निश्चय असा तडीस गेला.

कंपनी अडतीस ट्रकांची. मालक दीपकशेठ मूळचे सिन्नरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पहिला ट्रक त्यांनी स्वतः चालवला होता आणि ते दिवसातून दोनदा तरी सांगायचे. कंपनीत वेणीमाधवांना कुणीच नावानं हाक मारत नसे. शेठपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे, कारण नवी गाडी आली की तिची पूजा तेच सांगायचे. बाहेरून ब्राह्मण कशाला बोलवायचा, घरचाच आहे, असा शेठचा हिशेब. रामकुंडावरून उठलेले गुरुजी अशा रीतीनं डिझेलच्या वासात, बॉनेटवर स्वस्तिक काढत बसले.

पण पूजा हा जोडधंदा. गुरुजींची खरी विद्या जबाबाची होती.

कायदा असा की ड्रायव्हरला कामामुळे, कामावर असताना इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. माणूस स्टिअरिंगवर असेल तर विमा कंपनी कुरकुरत का होईना पैसे देई. तो गाडीतून उतरलेला असेल तर मात्र ती हात वर करी आणि प्रकरण शेठच्या गळ्यात येई. म्हणून अपघाताची खबर आली की पहिल्या दोन दिवसांत, गावाकडचे नातेवाईक आणि वकील पोहोचायच्या आत, गुरुजी दवाखान्यात हजर. एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात फाइल. ते कॉटशेजारी स्टूल ओढून बसत, कपाळावरून हात फिरवत, आई कशी आहे, पोरं कितवीला आहेत ते विचारत. शहाळं संपत आलं की अगदी मायेनं विचारत, "गाडीतून कशाला उतरला होतास रे बाळा?"

कुणी चहाला उतरलेला असे, कुणी लघवीला, कुणी नुसता पाय मोकळे करायला. गुरुजी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहीत, 'स्वतःच्या कामासाठी उतरलो असता.' मग सगळा जबाब मोठ्यानं वाचून दाखवत आणि सही घेत. झालं. माणूस कामावर नव्हता, तर भरपाई कसली? शेठ फार तर दवाखान्याचं बिल भरत आणि उपकाराचे दोन शब्द ऐकवत. बावीस वर्षांत गुरुजींचा एकही जबाब कोर्टात पडला नव्हता. मुख्य म्हणजे त्यात खोटं एक अक्षर नसे, आणि याचा त्यांना फार अभिमान. "ड्रायव्हर जे बोलला तेच मी लिहिलं," असं ते घरी जेवताना सांगत.

त्यांची बायको गोदावरी पोळी वाढता वाढता एकदा म्हणाली, "तुमचे भाऊ मेलेल्या माणसांची नावं जपून ठेवतात. तुम्ही जिवंत माणसांची पुसून टाकता." गुरुजींनी त्या दिवशी दुसरी पोळी घेतली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन वेळेवर ऑफिसला गेले.

मंगळूचा अपघात गेल्या वर्षी थंडीत झाला. मंगळू सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा, तिशी नुकतीच ओलांडलेला, कमी बोलणारा. पावसाळ्यात घरी भात आणि नागली, बाकीचे आठ महिने ट्रक. सिन्नरच्या कारखान्यातून यंत्रांचे सुटे भाग भरून तो मुंबईकडे निघाला होता. इगतपुरी मागे टाकली, घाट सुरू व्हायच्या आधी त्यानं देवीच्या देवळापाशी गाडी बाजूला घेतली, नारळ फोडला आणि परत येऊन टायर ठोकून बघत असताना मागे येणाऱ्या एका टेम्पोनं त्याला त्याच्याच गाडीवर दाबलं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

गुरुजी दुसऱ्या दिवशी शहाळं घेऊन गेले. मंगळू भिंतीकडे बघत पडला होता. त्याची बायको छाया पायाच्या बाजूला, जिथं पाय असायला हवा होता तिथं, चादर नीट करत बसली होती.

"गाडीतून कशाला उतरला होतास रे बाळा?"

"नारळ फोडाया, गुरुजी."

गुरुजींनी लिहिलं, 'देवदर्शनासाठी, म्हणजे स्वतःच्या कामासाठी उतरलो असता.' वाचून दाखवलं. मंगळूनं मान हलवली. म्हणाला, "माझं काम नाय ते, गुरुजी. गाडीचंच काम."

"अरे, देवाला नमस्कार करणं हे ज्याचं त्याचं काम असतं. मी ब्राह्मण, मला माहीत नाही का?"

"तुमाला ठावं," मंगळू म्हणाला आणि त्यानं सही केली. गुरुजी म्हणतात म्हणजे तसंच असणार, असं त्याला वाटलं. गुरुजींनाही तसंच वाटलं. त्या क्षणी त्यांना दुसरं काहीही आठवलं नाही, हे इथं नोंदवून ठेवलं पाहिजे, कारण पुढे त्यांच्या डोक्यात जे माजलं त्याला तोड नव्हती.

महिन्याभरानं मंगळूची गाडी दुरुस्त होऊन यार्डात आली. अपघाताच्या गाडीची शांती केल्याशिवाय दुसरा ड्रायव्हर तिला हात लावत नाही. गुरुजी केबिनमध्ये चढले, देवीच्या फोटोला हार घालायला मान वर केली, तर तिथं फोटो नव्हता. काचेच्या वरच्या पट्टीवर गोंदाचे चार डाग तेवढे होते. आणि त्या चार डागांकडे बघताना गुरुजींनी हार खाली ठेवला, कारण तिथं फोटोखाली काय चिकटवलेलं असायचं ते त्यांना आठवलं. ते त्यांनीच लिहिलेलं होतं.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची. एकाच पावसाळ्यात कंपनीच्या दोन गाड्यांचे ब्रेक घाटात गेले. शेठनं फर्मान काढलं की घाटाच्या आधी थांबून प्रत्येकानं ब्रेक आणि टायर तपासायचे. कुणी थांबेना. तपासणीसाठी थांबायचं म्हणजे आपल्याला गाडी कळत नाही असं कबूल करायचं, आणि ते कुठला ड्रायव्हर करणार? तेव्हा गुरुजींनी अक्कल लढवली. ते म्हणाले, "शेठ, ब्रेकसाठी थांबणार नाहीत, देवीसाठी थांबतील." त्यांनी सुंदर अक्षरात एक हुकूम लिहिला: 'घाट उतरण्यापूर्वी देवीपुढे गाडी उभी करून नारळ फोडावा. नारळ फोडून आल्यावर चारी बाजूंनी गाडीला फेरी मारून टायर ठोकावेत, ब्रेकची हवा बघावी. त्याशिवाय घाट उतरू नये. हुकमावरून.' खाली शेठची सही. त्याच्या अडतीस प्रती निघाल्या, प्लास्टिकमध्ये बसवल्या आणि प्रत्येक केबिनमध्ये देवीच्या फोटोखाली लागल्या. प्रदक्षिणेच्या नावाखाली गाडीची तपासणी. त्या दिवसापासून घाटात एका गाडीचा ब्रेक गेला नाही. गुरुजी ही हकीगत लग्नकार्यात पंगतीला बसलेल्या अनोळखी माणसांनाही सांगत.

आता तीच हकीगत त्यांच्या मानगुटीवर बसली. मंगळू स्वतःच्या कामासाठी नव्हे, मालकाच्या लेखी हुकमावरून उतरला होता. आणि तो हुकूम ज्या हातानं लिहिला त्याच हातानं जबाबही लिहिला होता. अक्षरसुद्धा तेच, वेलांटीला तोच झोक.

गुरुजींनी प्रामाणिकपणे शेठला सांगितलं, "शेठ, एक अडचण आहे."

शेठनं ऐकून घेतलं. तोवर छायानं शहरातल्या एका वकीलबाईंकडून कामगार न्यायालयात अर्ज टाकलेला होता. "मग काढून टाका ना सगळ्या गाड्यांमधले," शेठ म्हणाले. "त्यात काय एवढं?"

गुरुजींनी ब्लेड आणि रॉकेलचा बोळा घेतला. जसजशा गाड्या यार्डात येतील तसतसे ते केबिनमध्ये चढून आपलंच अक्षर खरवडू लागले. ड्रायव्हर विचारत, "का काढताय, गुरुजी?" ते म्हणत, "जुने झाले. नवे लावू." नवे लावायचा विचार मनात आणूनच ते तसं म्हणत, म्हणजे हेही खोटं ठरायला नको. पंधरा दिवसांत सदतीस निघाले. अडतिसावा मंगळूच्या गाडीतला. ती गाडी आता नाथा चालवत होता. नाथा म्हणाला, "मी घेतली तवा नव्हताच. मंगळूची बायको आली व्हती, कपडे आन् देवाचा फोटो घेऊन गेली. तिनंच नेला असंल."

म्हणजे तो वकीलबाईंच्या फाइलमध्ये. गुरुजींनी ब्लेड खिशात घातलं.

तारीख लागली. गुरुजी कंपनीचे मुख्य साक्षीदार. आदल्या आठवड्यात त्यांनी कंपनीच्या वकिलाला सहज म्हणून विचारलं की शपथेवर खोटं बोललेलं सिद्ध झालं तर काय होतं. वकिलानं चष्म्यावरून बघत सांगितलं, "तुरुंगसुद्धा होतो. का?" "काही नाही," गुरुजी म्हणाले, "पुतण्या लॉ करतोय." पुतण्या खरोखरच लॉ करत होता.

कोर्टात मंगळू कुबड्या टेकून मागच्या बाकावर बसला होता. गुरुजी आत येताच तो धडपडत उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. गुरुजींनी तिकडे न बघितल्यासारखं केलं.

वकीलबाईंचं नाव स्वानंदी. वय असेल अठ्ठावीस-तीस, आवाज मऊ. उलटतपासणीला उठताना तिनं हिरवी फाइल हातात घेतली, आणि त्या फाइलमधून प्लास्टिकचा एक चकचकीत कोपरा बाहेर आलेला गुरुजींना दिसला.

"जबाबातलं अक्षर तुमचंच ना?" तिनं विचारलं.

"हो."

"फार छान आहे. कंपनीत जे काही हातानं लिहायचं असतं ते तुम्हीच लिहिता?"

गुरुजींची नजर त्या कोपऱ्यावरून हलेना. आता ही बाई तो बाहेर काढणार, न्यायाधीशांपुढे ठेवणार, दोन्ही अक्षरं शेजारीशेजारी. पंचवटीतल्या घराची पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. रामकुंडावर बसलेले दोघे भाऊ दिसले. गोदावरी पोळी लाटायची थांबलेली दिसली.

"बहुतेक मीच लिहितो," ते कसेबसे म्हणाले.

"मग मला एवढंच सांगा. मंगळूला तिथं गाडी थांबवायला कंपनीतल्या कुणी सांगितलं होतं का?"

"नाही" म्हटलं असतं तर सुटले असते. कंपनीचा वकील डोळ्यांनी तेच सांगत होता, शेठ तर मानेनंच सांगत होते. स्वानंदीचं बोट फाइलीतल्या त्या कोपऱ्याकडे सरकलं. निदान गुरुजींना तसं दिसलं.

"सांगितलं होतं," गुरुजी म्हणाले. "मी सांगितलं होतं. शेठच्या हुकमावरून."

आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांना आवरेना. दोन गाड्यांचे ब्रेक, देवीची युक्ती, अडतीस प्रती, प्रदक्षिणा, टायर, हवा, सगळं सांगितलं. सांगताना जुनी सवय मध्ये आली आणि आवाजाला चढ आला. "सात वर्षांत घाटात एका गाडीचा ब्रेक गेला नाही, साहेब!" ते न्यायाधीशांना म्हणाले. पंगतीत या वाक्याला लोक माना डोलवत. इथं फक्त टायपिस्टच्या बोटांचा आवाज आला. मग तो हुकूम आपण कसा खरवडून काढला, तेही त्यांनी सांगून टाकलं. शेठनं कपाळाला हात लावला.

स्वानंदी घाईघाईनं सगळं टिपून घेत होती. तिला हे सगळं नवीन होतं, हे गुरुजींच्या फार उशिरा लक्षात आलं. तिनं फाइल उघडून तो प्लास्टिकचा कागद न्यायाधीशांपुढे ठेवला. तो मंगळूच्या अपंगत्वाचा दाखला होता. पावसात भिजू नये म्हणून छायानं लॅमिनेट करून आणलेला.

निकाल मंगळूच्या बाजूनं लागला. गावाकडच्या एका वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली, 'कर्मचाऱ्याच्या सत्यवचनामुळे चालकास न्याय'. भावांनी ते कात्रण वहीत घालून ठेवलं. गोदावरीनं त्या दिवशी पुरण घातलं आणि तूप नेहमीपेक्षा जास्त वाढलं. आळीतली माणसं रस्त्यात थांबवून हात मिळवू लागली. गुरुजी सगळ्यांना म्हणत, "छे छे, त्यात काय!" आणि खरोखरच त्यात काही नव्हतं, हे फक्त त्यांना माहीत होतं. एका दाखल्याला घाबरून ते खरं बोलले होते. खोट्यासाठी कौतुक झालं असतं तर त्यांनी ते पचवलं असतं; हे खऱ्याचं कौतुक घशाखाली उतरेना.

शेठनं त्यांना नारळ दिला नाही. बातमी छापून आलेल्या माणसाला काढलं तर बरं दिसत नाही, शिवाय पूजा कोण सांगणार? शेठ म्हणाले, "गुरुजी, क्लेमचं आता दुसरं कुणी बघंल. तुम्ही आपलं देवाधर्माचं बघा." वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी वेणीमाधव पूर्णवेळ भटजी झाले. वडील असते तर जेवले असते.

परवाच्या फाल्गुनात गुरुजींना कळलं की मंगळूनं भरपाईच्या पैशातून घाटाआधी, देवळाजवळच नारळाची टपरी टाकली आहे. महिनाभर ते जाऊ की नको करत राहिले. मग एका मंगळवारी एसटीनं इगतपुरीला उतरले आणि पुढे जीपमध्ये बसून गेले. मंगळू टपरीच्या बाकड्यावर बसला होता, नवा पाय सोडवून शेजारी ठेवलेला. छाया नारळांच्या शेंड्या काढत होती. गुरुजींना बघताच मंगळूची पाय बसवायची घाई झाली.

"बस रे, बस," गुरुजी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर आत गेली. टपरीच्या आतल्या फळीवर देवीचा फोटो होता, त्याला ताजा हार होता, आणि फोटोखाली प्लास्टिकमधला तो हुकूम. अडतिसावा. वेलांटीला तोच झोक. अक्षरावर कुंकवाची बोटं उठलेली.

"हे... हे तुझ्याकडेच होतं?"

"व्हय. छायानं फोटूसंगं आणलं."

"वकीलबाईंना दाखवलं नाहीस? अरे, हे दाखवलं असतंस तर पहिल्याच तारखेला काम झालं असतं!"

मंगळू हसला. छायाच मध्ये बोलली, "मी म्हनलं व्हतं, दाखवू. ह्यांनी नाय दाखवू दिलं."

"कशाला दाखवाचं?" मंगळू म्हणाला. "देवाचं हाय ते. कोर्टात कोन कोन हात लावनार. आन् गुरुजी येनार व्हते ना साक्षीला. गुरुजी हायेत तर कागुद कशाला, मी म्हनलं हिला."

गुरुजी बाकड्यावर बसले. त्यांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दवाखान्यातला तो दिवस, 'तुमाला ठावं' म्हणून केलेली सही, कोर्टात जोडलेले हात, सगळं एकदम वर आलं. बावीस वर्षांत अशा किती सह्या त्यांनी घेतल्या होत्या, आणि त्यातल्या प्रत्येकानं ती याच भरवशावर केली असणार.

"मंगळू," ते म्हणाले, "मी काही तुझ्यासाठी खरं बोललो नाही रे. मला वाटलं, हा कागद त्या बाईकडे आहे. पकडला जाईन म्हणून घाबरून बोललो."

छाया शेंडी काढायची थांबली. मंगळूनं रस्त्याकडे बघितलं.

"घाटाला समदेच भितात, गुरुजी," तो म्हणाला. "म्हनून तर थांबतात."

तेवढ्यात कंपनीची एक गाडी येऊन उभी राहिली. आता केबिनमध्ये हुकूम नव्हता, तरी थांबली. नाथा खाली उतरला, नारळ घेतला आणि देवळाकडे जाऊन फोडून आला. मंगळू कुबडी घेऊन रस्त्याच्या कडेपर्यंत गेला आणि मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत उभा राहिला, नाथाची फेरी पूर्ण होईपर्यंत. गुरुजी उठले. टपरीच्या कोपऱ्यातली चाकं उघडायची लोखंडी टॉमी त्यांनी उचलली, धोतराचा सोगा खोचला आणि नाथाच्या मागोमाग एकेक टायर ठोकत निघाले.